वाटप चुकले तर निवाडा कोणाचा? आखाजीचे पत्ते आणि कौटिल्याचा आक्षेप

आखाजीची दुपार. घरात घागरीची पूजा आटोपली आहे, पुरणपोळी आणि आमरसाचे जेवण झाले आहे. माहेरवाशिणी झोक्यावर गौराईची गाणी म्हणत आहेत आणि निंबाच्या सावलीत सतरंजी टाकून पुरुषमंडळी तीन पत्तीला बसली आहेत. वाटता वाटता एक पान उलटे पडते. एक जण म्हणतो, डाव मोडा, पुन्हा पिसा. दुसरा म्हणतो, चाल होऊन गेली, आता मोडता येणार नाही. दोघांचेही आवाज चढतात.

जळगाव-धुळ्याकडे आखाजी आणि पत्ते यांचे नाते जुने आहे. जुन्या रिवाजाप्रमाणे सालदाराचे वर्ष याच सणाला संपते आणि नवे सुरू होते. वर्षाचा हिशेब ज्या दिवसांत हाती पडतो, त्याच दिवसांत डाव रंगतो. उलटे पडलेले पान म्हणूनच निव्वळ करमणुकीची बाब राहत नाही.

पत्त्यांच्या आधी फासे होते, आणि त्यांच्या तंट्यांनी मोठमोठ्या सभा निरुत्तर केल्या आहेत. महाभारताच्या सभापर्वातील द्रौपदीचा प्रश्न मुळात डावाच्या नियमाचाच प्रश्न आहे : जो स्वतःलाच हरून बसला, त्याला पुढचा पण लावता येतो काय? भीष्मांनाही त्याचे निश्चित उत्तर देता आले नाही. दुर्योधनाचे फासे शकुनी टाकत होता, आणि सभेचा धनी धृतराष्ट्र हा जिंकणाऱ्याचा बाप होता. अशा सभेत न्याय होईल ही अपेक्षाच भाबडी होती.

याहून व्यवहारी विचार कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त सापडतो. तिसऱ्या अधिकरणाच्या शेवटी द्यूताध्यक्ष नावाचा अधिकारी येतो. खेळ एकाच ठरलेल्या जागी चालवावा, इतरत्र खेळणाऱ्यास १२ पण दंड करावा, फासे अध्यक्षानेच पुरवावेत आणि जिंकलेल्या रकमेतून शेकडा ५ घ्यावेत, अशी ती व्यवस्था आहे. पण या प्रकरणातील खरा मोलाचा भाग वेगळा आहे. द्यूताची फिर्याद आली तर जिंकणाऱ्यास कमी आणि हरणाऱ्यास अधिक दंड करावा, असे पूर्वाचार्यांचे मत कौटिल्य नोंदवतो. हरणारा मूर्ख असतो, त्याला पराभव सोसत नाही, असे त्यांचे कारण. कौटिल्य ते साफ नाकारतो. हरलेल्यालाच जास्त दंड ठेवला, तर राजाकडे कोणी येणारच नाही, असे तो म्हणतो. शिवाय खेळणारे बहुधा लबाडीनेच खेळतात, अशी पुस्तीही जोडतो. याज्ञवल्क्यस्मृती तर द्यूतातील तंट्यांचे पाहणारे आणि साक्षीदारही खेळणाऱ्यांतूनच घ्यायला सांगते. डाव ज्याला कळतो, त्यानेच तो पाहावा.

इंग्रजी अंमलात हा सगळा विचार बाजूला पडला. १८७२ च्या करार कायद्याच्या ३० व्या कलमाने पैजेचा करार निरर्थक ठरवला, म्हणजे जिंकलेली रक्कम दावा लावून वसूल होणे नाही. १८८७ मध्ये मुंबईचा जुगार प्रतिबंधक कायदा आला. तेव्हा खान्देश हा एकच जिल्हा होता. पूर्व आणि पश्चिम अशी त्याची विभागणी १९०६ ची. या कायद्याने अड्डा चालवणारा आणि अड्ड्यावर सापडलेला, दोघेही गुन्हेगार झाले. निव्वळ कौशल्याचे खेळ तेवढे १३ व्या कलमाने वगळले. पुढे १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ मानले, आणि त्याच निकालात तीन पानांचा खेळ निव्वळ नशिबाचा म्हणून वेगळा काढला.

कायदेमंडळाचा हेतू समजण्यासारखा आहे. जुगाराने उद्ध्वस्त झालेली घरे काही कल्पनेतली नव्हती. परंतु परिणाम नेमका तोच झाला, ज्याची भीती कौटिल्याने घातली होती. फसवला गेलेला माणूस तक्रार करायला गेला, तर आधी स्वतःचाच गुन्हा कबूल करणार. ‘अर्थशास्त्र’ १९०९ मध्ये म्हैसूरला छापले गेले, तेव्हा १८८७ च्या मंडळींना त्या आक्षेपाचा पत्ता नसणे स्वाभाविक होते. पुढच्यांना ही सबब नाही.

मग सतरंजीवरचा न्याय कोणाकडे गेला? जागा ज्याची, नाल ज्याच्या खिशात, त्याच्याकडे. नाहीतर ज्याचा आवाज मोठा, त्याच्याकडे.

वास्तविक उलटे पडलेल्या पानाचा प्रश्न तर्काने सुटतो. ‘डाव मोडा’ हा उपाय दिसतो निष्पक्ष, पण तो नेहमी तसा नसतो. हातातली पाने कोणी पाहिलीच नसतील, तर चुकून आलेले पान आणि बरोबर आलेले पान दोन्ही सारखीच आंधळी. पुन्हा वाटल्याने कोणाचेही नुकसान नाही. पाने पाहून पैसे पडू लागले, की ‘मोडा’ म्हणणारा बहुधा हलक्या पानांचा धनी असतो आणि ‘चालू द्या’ म्हणणाऱ्याकडे एक्के असतात. २००१ मध्ये स्थापन झालेल्या पोकर स्पर्धा-संचालकांच्या संघटनेचे नियम याच सीमेवर उभे आहेत. वाटपातली चूक ठराविक चाली होण्यापूर्वी लक्षात आली तर डाव रद्द. त्यानंतर तो पुढे चालतो. शेवटी पाने बोलतात, तोंडाने केलेला दावा नव्हे. बक्षीस चुकीच्या हाती जात आहे असे दिसले, तर त्या डावात नसलेल्या खेळाडूनेही बोलावे, आणि पुढचा डाव सुरू झाला की मागच्याची तक्रार संपली. पाहणाऱ्यालाही तोंड उघडायला लावणारा हा नियम याज्ञवल्क्याला परका वाटला नसता.

खान्देशात आजही पैसे न लावता, केवळ हौसेखातर पत्त्यांचे डाव मांडले जातात. तेथे कायद्याची आडकाठी नाही. पहिले पान पडण्यापूर्वी दोनच गोष्टी मोठ्याने सांगायच्या असतात : चूक कोणत्या चालीपर्यंत दुरुस्त होईल, आणि त्या डावात हात नसलेला कोणता माणूस ती ठरवील. एवढे सांगायला पत्ते पिसायला लागतो, त्याहून अधिक वेळ लागत नाही. तरी बहुतेक ठिकाणी ते उलटे पान पडल्यावरच सुचते.