त्यालाच विचारा

विशेष शाळा सुटली की गतिमंद तरुणाच्या तब्येतीची नोंद ठेवणारं कुणी उरत नाही. वसई-विरारमध्ये अशी कितीतरी घरं आहेत: मुलगा चाळिशीला आलेला, आई सत्तरीची. त्याचं थायरॉईड, दात, झोप, सगळा हिशेब आईच्याच डोक्यात. पाहणी करणारे दारात आले तरी प्रश्न तिलाच विचारतात. तो शेजारीच बसलेला असतो.

२०११च्या जनगणनेत देशभरात अशी १५ लाख माणसं मोजली गेली. औषधांच्या चाचण्यांत मात्र ती जवळजवळ नसतातच; ‘संमती देऊ शकत नाहीत’ या एका ओळीवर बाद होतात. डाउन सिंड्रोम असलेल्यांना एकविसाव्या गुणसूत्राच्या जादा प्रतीमुळे अल्झायमर पन्नाशीतच गाठतो. तरी लेकानेमॅब या अल्झायमरवरच्या नव्या औषधाच्या मोठ्या चाचणीत त्यांना जागा नव्हती. आजार ज्यांना सर्वांत जास्त, त्यांनाच ते औषध मानवेल की नाही हे सांगता येत नाही. याला मी संरक्षण म्हणणार नाही.

अशा संशोधनाबद्दल पालकांची धास्ती मात्र खोटी नाही. १९९४ साली शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या गतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली गेली. निर्णय सरकारी यंत्रणेचा होता. महिला संघटना उभ्या राहिल्या तेव्हा ते थांबलं. तो घाव अजून ओला आहे.

पण २०१६चा दिव्यांग हक्क कायदा संशोधनाला बंदी घालत नाही. सहाव्या कलमात दोन अटी आहेत: त्या व्यक्तीला समजेल अशा रीतीने घेतलेली मोकळी संमती, आणि राज्याच्या समितीची पूर्वपरवानगी. त्या समितीत निम्मे सदस्य तरी स्वतः दिव्यांग किंवा त्यांच्या संस्थांचे हवेत.

समजेल अशी म्हणजे आपल्याकडे कशी? चित्रांतून, लहान वाक्यांत, कादोडी, वाडवळी किंवा वारली बोलणाऱ्या माणसाकडून. सुई आधी दाखवून. त्याने हात मागे घेतला तर तो नकार, आई हो म्हणाली तरीही. यात वेळ जातो, रिक्षाभाडं लागतं, सोबत येणाऱ्याचा रोज बुडतो. हा खर्च अभ्यासाच्या अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून असावा.

आपल्याच जिल्ह्यात डहाणूला आयसीएमआरचं ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्र आहे. राष्ट्रीय न्यास कायद्याखालची जिल्हा समिती पालकत्वाचे अर्ज हाताळते, म्हणजे अर्ज केलेली घरं तिला माहीत असतात. या दोघांनी मिळून थायरॉईड आणि दातांपासून सुरुवात करावी. प्रश्नावली ठरवताना वसईतले दोन-तीन गतिमंद तरुण टेबलाभोवती बसलेले हवेत, इतर तज्ज्ञांसारखं मानधन घेऊन.