बुणगे : मराठ्यांच्या लष्करी इतिहासातील एक अन्यायकारक शब्द

१/
नारायणगावाहून जुन्नरकडे वळणारे इतिहासप्रेमी तरुण शिवनेरीवर चढतात, तेव्हा त्यांची पावले एका ठरलेल्या क्रमाने पडतात. सात दरवाजे, शिवाई देवी, मग शिवजन्मस्थान, आणि वेळ उरलाच तर कडेलोट टोक. शेवटचा दरवाजा ओलांडून वर आल्यावर एक भक्कम दगडी इमारत लागते. तिच्याजवळ क्वचितच कोणी रेंगाळते. तिचे नाव अंबरखाना, म्हणजे किल्ल्याचे धान्यकोठार.

२/
या किल्ल्याचा सगळ्यात बोचरा इतिहास याच इमारतीशी जोडलेला आहे. १६३६ च्या तहानंतर शिवनेरी मुघलांकडे गेला आणि शिवाजी महाराजांच्या हयातीत तो स्वराज्यात आलाच नाही. १६५७ मध्ये त्यांनी पायथ्याचे जुन्नर शहर लुटले, १६७३ मध्ये किल्लेदाराला फितवण्याचा प्रयत्न झाला आणि फसला. ज्या किल्ल्यावर जन्म झाला, तोच हाती लागू नये!

३/
या काळात जॉन फ्रायर नावाचा इंग्रज डॉक्टर जुन्नरच्या मुघल सुभेदाराच्या बोलावण्यावरून घाट चढून आला आणि त्याने शिवनेरी आतून पाहिला. त्याच्या प्रवासवृत्तात एक नोंद आहे: हजार कुटुंबांना सात वर्षे पुरेल एवढी शिधासामग्री किल्ल्यात साठवलेली होती. आकडा किल्लेदाराने परक्या पाहुण्यापुढे फुगवून सांगितला असेल, हे शक्य आहे. परंतु फुगवून सांगण्यासाठी त्याने तोफांची नव्हे, धान्याची निवड केली, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. कडे उंच होते, दरवाजे मजबूत होते. पण उपाशी शिबंदीला उंच कडा म्हणजे तुरुंगाची भिंत.

४/
मराठ्यांच्या लष्करी इतिहासाविषयी आज जे लिहिले आणि बोलले जाते, त्यात तलवारीची लांबी, तोफेचे वजन आणि सरदारांची नावे यांची रेलचेल असते. दाणागोटा, चंदी, बैल, पखाल, नाल यांचा उल्लेख आलाच तर तळटीपेत येतो. हा दोष केवळ आवडीनिवडीचा नाही. त्यामुळे विजयांची आणि पराभवांची कारणेच चुकीच्या ठिकाणी शोधली जातात.

५/
खुद्द स्वराज्याच्या संस्थापकाला हा दोष ठाऊक नव्हता. एप्रिल १६५७ च्या अखेरीस रात्रीच्या वेळी दोराच्या शिड्या लावून मराठे जुन्नरच्या तटावरून आत उतरले. जदुनाथ सरकारांनी दिलेल्या माहितीनुसार ३ लाख होन, कापडचोपड, जडजवाहीर आणि २०० घोडे हाती आले. होनांची गोष्ट सगळे सांगतात. पण उभारणीच्या काळातील राज्याला घोडा विकत घेणे हे केवढे ओझे असते, हे ज्याला कळते त्याचे लक्ष त्या २०० या आकड्यावर थांबेल. ही लूट म्हणजे एका अर्थी त्या वर्षीची घोडेखरेदी होती.

६/
घोडा मिळवणे सोपे, राखणे अवघड. सभासदाच्या बखरीत पागेची जी रचना दिली आहे, तिच्यात २५ बारगिरांवर एक हवालदार येतो, आणि त्याच २५ जणांमागे एक पखालजी आणि एक नालबंद येतो. पाणी वाहणारा आणि नाल ठोकणारा. सह्याद्रीच्या काळ्या कातळावर आठ महिने दौडणाऱ्या घोड्याचा नाल निखळला की तो दोन दिवसांत लंगडा होतो, आणि लंगड्या घोड्यावरचा बारगीर हा पगार खाणारा पायदळी होतो. म्हणून नालबंद मागाहून येणाऱ्या गर्दीत ठेवलेला नाही. तो तुकडीच्या मोजणीतच धरलेला आहे. ही रचना ज्याने आखली, त्याच्या लेखी लढणारा आणि लढवणारा अशी दोन माणसे नव्हती.

७/
याहूनही स्पष्ट पुरावा चिपळूणच्या छावणीला लिहिलेल्या पत्राचा. राज्याभिषेकाच्या आसपासच्या वर्षांतले हे पत्र हळवर्ण मुक्कामी असलेल्या पागेच्या जुमलेदार, हवालदार व कारकुनांना उद्देशून आहे. पावसाळ्यासाठी घोडी तिथे ठेवली होती. पत्राचा आशय असा: दाणा, वैरण आत्ताच वाटेल तशी उधळली, तर भर पावसाळ्यात काही मिळणार नाही, घोडी मरतील, आणि त्यांना तुम्हीच मारले असे होईल. मग माणसे गावात शिरतील, कुणब्याकडून दाणे, गवत, भाजी ओढून आणतील, आणि रयत म्हणेल की यांच्यापेक्षा मुघल बरे.

८/
पत्र तेवढ्यावर थांबत नाही. गवताच्या गंजीजवळ कोणी चूल पेटवील, कोणी तंबाखू ओढील, रात्री जळता ठेवलेला दिवा असेल आणि त्याची वात उंदीर ओढून नेईल, इथपर्यंत काळजी त्यात उतरली आहे. राजा उंदरांचा विचार करतो आहे, हे वाचताना हसू येते. पण गंज जळाली तर पागा गेली, पागा गेली तर दसऱ्यानंतरची मोहीम गेली, हा हिशेब त्या उंदरामागे उभा आहे. मराठी लष्करी विचाराचा एकच कागद निवडायचा झाला, तर तो एखाद्या लढाईच्या वर्णनाऐवजी हा निवडावा.

९/
मग पुढच्या शतकात काय झाले? फौजा उत्तरेकडे लांबवर जाऊ लागल्या, आणि त्यांच्यामागे चालणाऱ्या लोकांसाठी एक शब्द रूढ झाला: बुणगे, किंवा बाजारबुणगे. आज मराठीत तो शिवीसारखाच वापरतात. पानिपतच्या पराभवाची चर्चा निघाली की पहिल्या पाच वाक्यांत हा शब्द येतो. बुणग्यांनी फौज जड केली, बुणग्यांनी धान्य संपवले, बुणगे नसते तर भाऊसाहेब सुटले असते.

१०/
या विधानात अर्धे सत्य आहे आणि म्हणूनच ते अधिक फसवे आहे. भाऊसाहेबांसोबत तीर्थयात्रेच्या आशेने निघालेली कुटुंबे होती. त्यांचा भार खरा होता. परंतु त्याच गर्दीत वाणी होते, घिसाडी आणि लोहार होते, बैलांचे तांडे हाकणारे बंजारे होते, घोड्यांना खरारा करणारे मोतद्दार होते, तोफांचे गाडे ओढवणारे होते. यात्रेकरू आणि नालबंद यांना एकाच शब्दात कोंबल्यामुळे कोण ओझे होते आणि कोणाच्या आधारावर ओझे चालत होते, हा भेदच पुसला गेला. भेद पुसला की प्रश्नही चुकतो. ‘इतके लोक का नेले’ असे विचारले जाते. ‘या लोकांना अन्न पोचवणारी वाट उघडी ठेवण्यासाठी किती फौज ठेवली’ असे विचारले जात नाही.

११/
ती वाट कशी तुटली, ते पाहू. ऑक्टोबर १७६० मध्ये कुंजपुरा घेतल्यावर मराठ्यांना तिथला धान्यसाठा मिळाला. त्यानंतर काही दिवसांतच अब्दाली बागपतजवळ यमुना उतरला आणि मराठे व दिल्ली यांच्या मध्ये येऊन बसला. आता सारी आशा अंतर्वेदीतून, म्हणजे गंगा-यमुनेच्या दुआबातून रसद आणि पैसा गोळा करणाऱ्या, अब्दालीची रसद मारणाऱ्या एका माणसावर होती: गोविंदपंत बुंदेले.

१२/
कोकणातल्या नेवऱ्याच्या खेर घराण्यातला हा माणूस वयस्क होता, आणि त्याची हयात मुख्यतः वसुलीत व मामलतीत गेलेली. भाऊसाहेबांच्या पत्रांत त्याच्यामागे सारखा तगादा दिसतो. बाकी वसुलीवरून नाराजीही दिसते, आणि ती सर्वस्वी निराधार होती असे म्हणवत नाही. डिसेंबर १७६० मध्ये अताईखानाच्या स्वारांनी गोविंदपंतांना बेसावध गाठून ठार केले. त्यानंतर महिन्याभरात, १४ जानेवारी १७६१ रोजी, उपाशी फौज मैदानात उतरली. विश्वासरावांना गोळी लागली तो क्षण प्रत्येकाला ठाऊक आहे. पण अनेक लढाया पहिली तोफ डागण्यापूर्वीच ठरलेल्या असतात, आणि पानिपतचा निकाल बहुतांशी दुआबात लागून गेला होता. ज्याच्यावर एवढ्या फौजेचे पोट टांगलेले होते, त्याच्या दिमतीला निवडक स्वार देण्याची गरज किती तीव्रतेने जाणवली होती, हा प्रश्न इब्राहिमखान गारद्याच्या तोफांइतकाच महत्त्वाचा आहे.

१३/
हाच धडा मराठ्यांनी दुसऱ्यांना शिकवला, तोही पुणे जिल्ह्यातच. रघुनाथरावांना गादीवर बसवण्यासाठी मुंबईकर इंग्रजांची फौज घाट चढून आली. माणसे चार हजारांच्या आत, बैल १९ हजार! एवढ्या लवाजम्याचे रक्षण करत ती गोगलगायीच्या गतीने सरकत होती. महादजी शिंदे, नाना फडणीस, हरिपंत फडके यांनी समोरासमोरच्या लढाईची घाई केली नाही. जानेवारी १७७९ मध्ये इंग्रज तळेगावला पोचले, तेव्हा गाव जळालेले होते आणि दाणा-वैरण नाहीशी झालेली होती. अवजड तोफा तळेगावच्या तळ्यात ढकलून त्यांनी रात्रीच माघार घेतली, आणि वडगावला शरणागतीच्या करारावर सही करावी लागली.

१४/
यानंतरच्या पाव शतकात दोन्ही बाजूंनी काय खरेदी केले, हे ताडून पाहण्यासारखे आहे. महादजींनी द बॉयन्यच्या हाताखाली कवायती पलटणी उभारल्या, तोफांचे कारखाने काढले. त्या तोफा उत्तम होत्या. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असईच्या मैदानात त्यांनी आर्थर वेलस्लीच्या फौजेची जी दाणादाण उडवली, ती इंग्रजांनीच नोंदवून ठेवली आहे. तरीही दिवसअखेर नव्वदहून अधिक तोफा इंग्रजांच्या हाती पडल्या.

१५/
वेलस्लीची त्या काळातील पत्रे मोठ्या अपेक्षेने उघडणाऱ्या वाचकाची निराशा होते. त्यांत डावपेच थोडे आणि बैल फार. बैल किती, त्यांना चारा कुठला, तांदूळ किती दिवसांचा, बंजाऱ्यांचे तांडे कुठे पोचले, नद्यांवर नावा आहेत की नाहीत. त्याच्या तोफा ओढणारे बैल पुष्कळसे म्हैसूरच्या अमृतमहाल जातीचे होते. हैदर आणि टिपूने जोपासलेले ते खिल्लार १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर कंपनीकडे गेले. म्हणजे एका भारतीय राज्याने जपलेला बैल दुसऱ्या भारतीय राज्यावर चालून आला.

१६/
येथे एक आक्षेप रास्त आहे. असईत शिंद्यांचे अनेक युरोपीय अधिकारी आधीच नोकरी सोडून गेले होते. सरदारांत एकी नव्हती. केवळ बैलांनी युद्ध जिंकले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण रँडॉल्फ कूपर या अभ्यासकाने १८०३ च्या मोहिमांवर लिहिताना दाखवले आहे की शस्त्र आणि कवायत यांत मराठे मागे नव्हते. पारडे फिरले ते पैसा, पत आणि भाडोत्री लष्करी मनुष्यबळाचा बाजार कंपनीने हाती घेतल्यामुळे. अधिकारी सोडून गेले, तेही याच बाजारातून. तोफ विकत घेता येते. तिच्यामागची पगाराची शाश्वती, चारा आणि बैल दरवर्षी नव्याने विकत घ्यावे लागतात, आणि त्यांची मिरवणूक निघत नाही.

१७/
मिरवणूक न निघणाऱ्या गोष्टींकडे पाठ फिरवण्याची सवय जुन्या दरबारांपुरती राहिलेली नाही. जुलै २०१७ मध्ये संसदेत मांडल्या गेलेल्या ‘कॅग’च्या अहवालात नमूद होते की लष्कराच्या दारूगोळ्याच्या सुमारे ४० टक्के प्रकारांचा साठा दहा दिवसांच्या युद्धालाही पुरेसा नव्हता. त्यापुढच्या वर्षांत तातडीची खरेदी झाली, हेही खरे. पण त्या अहवालावर किती चर्चा झाली आणि लढाऊ विमानांच्या संख्येवर किती झाली, याची तुलना ज्याने त्याने करावी. शिवनेरीच्या मुघल किल्लेदाराने सात वर्षांच्या साठ्याची फुशारकी मारली होती. त्याच्याजवळ निदान फुशारकी कशाची मारावी याची समज होती.

१८/
जुन्नरचा परिसर पुन्हा एकदा पाहावा, तो शिवनेरीपासून पश्चिमेला, नाणेघाटाच्या तोंडाशी. तिथे जीवधन उभा आहे. मे १८१८ च्या पहिल्या आठवड्यात मेजर एल्ड्रिजच्या तुकडीने चावंड आणि त्यापाठोपाठ जीवधन घेतला. जीवधनच्या माथ्यावर एकात एक दालने असलेली धान्यकोठी आहे. त्या युद्धात कोठीला आग लागली असे सांगितले जाते. विजेरी घेऊन आत शिरणाऱ्या गिर्यारोहकांच्या बुटांना काळी, मऊ राख लागते. बहुतेक जण ती बाहेर येऊन झटकतात आणि वानरलिंगी सुळक्याचा फोटो काढायला कड्याकडे निघतात.