गिम्लीची उंची

नाताळच्या कार्यक्रमांची तयारी सुरू झाली की आमच्या घोलवड परिसरात एक पात्र न विचारताच ठरते. कुणी उंचीने कमी असेल तर त्याच्यासाठी विदूषकाची टोपी तयारच असते. त्याने तोंड उघडण्याआधीच हशा पिकतो. ‘तोही हौसेनेच करतो,’ असे आम्हांला सांगितले जाते. ज्याला दुसरी भूमिका कधी देऊच केली नाही, त्याची हौस कशी ओळखावी?

हीच सवय पडद्यावरही जोपासली जाते. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे २००१ ते २००३ मधील तीन चित्रपट आमची मुले आवडीने पाहतात. त्यांतील गिम्ली हा बुटक्यांच्या कुळातला वीर. त्याला तटापलीकडचे दिसत नाही म्हणून हसायचे, खिंडार ओलांडताना त्याला उचलून फेकावे लागते म्हणून हसायचे! १९५४-५५ साली प्रसिद्ध झालेल्या मूळ ग्रंथात हे दोन्ही प्रसंग नाहीत. विनोद तेथेही आहे. पण तो बरोबरीच्या मित्रांचा. युद्धात कोण अधिक शत्रू लोळवतो, अशी त्याची आणि एल्फ कुळातील लेगोलासची पैज लागते. लेगोलासचे एकेचाळीस, गिम्लीचे बेचाळीस!

ग्रंथकार जे. आर. आर. टॉल्किन निष्ठावान कॅथलिक होते. पोरक्या टॉल्किनचे पालकत्व फादर फ्रान्सिस मॉर्गन यांनी स्वीकारले होते. त्यांच्या कथेतील एक प्रसंग आमच्या प्रत्येक कुटुंबाने वाचावा. एल्फांच्या वनात शिरताना पहारेकरी म्हणतात, या बुटक्याचे तेवढे डोळे बांधा. अपमानित गिम्ली कुऱ्हाड उपसतो. तेव्हा अ‍ॅरागॉर्न निर्णय देतो : बांधायचे तर सर्वांचेच डोळे बांधा. आणि सारे सोबती डोळ्यांवर पट्टी बांधून चालू लागतात. एकाचा अपमान सर्वांनी वाटून घेतला. ख्रिस्ती समाज म्हणतात तो याला!

संत लूकच्या शुभवर्तमानातील ठेंगणा जक्कय आठवा. गर्दीमुळे प्रभू दिसेना, म्हणून तो झाडावर चढला. प्रभूने त्याला नावाने हाक मारली आणि त्याच्या घरचे आतिथ्य पत्करले. कुरकुर केली ती गर्दीने. आमचे स्थान कुठे, प्रभूशेजारी की त्या गर्दीत?

खुजेपणाची नोंद भारताच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही झाली आहे. परंतु कायदा हशा थांबवू शकत नाही. ते काम आमचे. यंदा त्या बांधवाला आधी विचारा, कोणती भूमिका हवी. मागी राजाची मागितली तर मुकुट द्या. आणि सभागृहात कुणी हसलेच, तर आम्ही मोठ्यांनी हसू नये. मुले आमच्याकडेच पाहत असतात.