माथ्यावरचं पाणी कुणाच्या विहिरीत?

ख्रिस्ती संस्था मदतीला आली की गावात पहिली कुजबुज धर्मांतराची होते. कुजबुजणाऱ्यांनी संगमनेर तालुक्यातली म्हसवंडी किंवा दरेवाडी एकदा पाहून यावी.

जेझुइट धर्मगुरू फादर हर्मन बाखर १९४८मध्ये स्वित्झर्लंडहून भारतात आले आणि पुढची कित्येक दशकं त्यांनी तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या दुष्काळाशी झुंजण्यात घालवली. त्यांच्या पुढाकाराने इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम उभा राहिला. पैसा जर्मनीचा, साथ नाबार्डची. याच पाणलोटाच्या कामासाठी १९९३मध्ये निघालेली ‘वॉटर’ ही संस्था चर्चची नव्हे, पण तिची मुळं जेझुइटांच्या कामातच आहेत.

म्हसवंडी, दरेवाडीसारख्या गावांना या कार्यक्रमात अटी होत्या: आधी श्रमदान, मग चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी. काम माथ्यापासून पायथ्याकडे. वर चर खणले नाहीत तर खालच्या विहिरीला पाणी लागत नाही. त्यामुळे मराठा, धनगर, ठाकर असा भेद करून हे काम होणारच नव्हतं. प्रार्थनेची अट मात्र कुठेच नव्हती.

तरीही सगळं गोड नव्हतं. चराईबंदीची झळ बसते ती मेंढपाळाला आणि भूमिहीनाला. वाढलेलं पाणी मिळतं ते विहीरवाल्याला. अशा कामाला जाब विचारायचाच असेल तर तो धर्माबद्दल नव्हे, या वाटणीबद्दल विचारावा. आणि तो ‘वॉटर’इतकाच सरकारच्या जलसंधारण खात्यालाही विचारावा.