'निश्चित' पाऊस कोणाच्या वावरात?



सरकारी दप्तरात महाराष्ट्राचे नऊ कृषी-हवामान विभाग आहेत. त्यातल्या एकाचे नाव 'निश्चित पावसाचा प्रदेश'. पाऊस ७०० ते ९०० मिलिमीटर, म्हणून निश्चित! पश्चिम विदर्भाचा मोठा भाग त्यात मोडतो.

हे नाव नुसत्या बाबूलोकांचे नाही. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेने १९७५ साली खेड्यांचा अभ्यास सुरू केला, तेव्हा सोलापूरकडची गावे बेभरवशाच्या पावसाची म्हणून घेतली आणि अकोला जिल्ह्यातले कान्झरा, किनखेडा खात्रीच्या पावसाची म्हणून. वाशीम तेव्हा अकोल्यातच होते. वेगळा जिल्हा झाला १९९८ साली. सोलापूरच्या मानाने शब्द खोटा नाही. पण पऱ्हाटी सोलापूरकडे पाहून जगत नाही.

जर्मन भूगोलतज्ज्ञ ट्रोल यांची १९६५ ची मोजपट्टी जास्त शहाणी. वर्षाची बेरीज बाजूला ठेवून त्यांनी ओले महिने मोजले. ज्या महिन्यात ऊन-वारा जमिनीतून आणि पिकातून जितके पाणी ओढू शकेल त्याहून पाऊस जास्त, तो ओला. पण महिनाही मोठाच. आठ दिवसांत सगळा कोसळला आणि पुढे तीन आठवडे खंड पडला, तरी महिना ओलाच!

आणि माती? मीटरभर खोल भारी काळी जमीन पिकाला घेता येईल असे साधारण १५० ते २०० मिलिमीटर पाणी धरते. पाते-फुलांवरची पऱ्हाटी रोज चार-पाच मिलिमीटर पिते. हिशेब तुम्हीच करा. नदीकाठचे खोल वावर महिन्याचा खंड काढेल. त्याच गावात टेकाडावर फूटभर माती आणि खाली मुरूम. तिथे दहा-बारा दिवसांत ओल संपते, पाती गळतात. ज्वारी चिवट खरी, पण पोटरीत ताण बसला तर नीट निसवत नाही.

पीकविम्यात मात्र दोन्ही वावरे महसूल मंडळाच्या एकाच सरासरी उत्पन्नात. काठावरच्याचे पीक टेकाडावरच्याची भरपाई खाते, यात त्या बिचाऱ्याचा काय दोष?

शास्त्र कमी पडलेले नाही. नागपूरच्याच मृद सर्वेक्षण संस्थेने १९९२ साली देशाचे २० विभाग पाडताना माती आणि पीकवाढीचे दिवस दोन्ही धरले होते. तेच गावाच्या शिवारापर्यंत उतरवा, खंड आठवड्यांनी मोजा आणि विमा मातीच्या खोलीप्रमाणे ठरवा, ही आपली मागणी. पुढच्या बैठकीला येताना आपल्या वावरात मुरूम किती खोलीवर लागतो आणि यंदा खंड कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत पडला, एवढे कागदावर लिहून आणा.