बारा व्होल्टची उपेक्षा

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील स्कॉट्सडेल शहरात जून २०२४ मध्ये एका आजीने वीस महिन्यांच्या नातीला टेस्ला मॉडेल वाय गाडीत बसवले, दार लावले आणि वळसा घालून ती पुढच्या दारापाशी आली. दार उघडेना. मोबाइलमधली चावी चालेना, कार्डही चालेना. बाहेर वाळवंटातला उन्हाळा आणि आत अडकलेले बाळ. शेवटी अग्निशमन दलाच्या जवानांनी कुऱ्हाडीने काच फोडून मुलीला बाहेर काढले. कारण एवढेच, की गाडीतली छोटी, बारा व्होल्टची बॅटरी बसली होती.

इलेक्ट्रिक गाडीत दोन बॅटऱ्या असतात, हे ती विकत घेणाऱ्या अनेकांना कुणी सांगतच नाही. तळाशी असते ती मोठी, बहुतेक गाड्यांत तीनशे-चारशे व्होल्टची. चाके तिच्यावर फिरतात, जाहिरात तिची होते आणि ८ वर्षांची किंवा १,६०,००० किलोमीटरची हमी ठळक अक्षरांत छापली जाते तीही तिचीच. दुसरी साध्या पेट्रोल गाडीत असते तशी, बारा व्होल्टची. दारांची कुलपे, दिवे, वायपर, एअरबॅगचे नियंत्रण आणि गाडीतले सगळे संगणक या दुसरीवर चालतात. मोठ्या बॅटरीची वीज पुढे सोडणारे कॉन्टॅक्टर, म्हणजे जाडजूड विद्युत स्विच, जोडून धरण्याचे कामही तिचेच. यामागे सुरक्षेचा विचार आहे. अपघात झाला, छोटी वीज तुटली, की मोठी वीजही आपोआप तुटावी. पण त्याचीच दुसरी बाजू अशी, की छोटी बॅटरी बसली तर मोठी शंभर टक्के भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही. बहुतेक गाड्या अशा अवस्थेत चार्जरला जोडल्या तरी चार्ज होत नाहीत. पार्किंग ब्रेक विजेवरचा, त्यामुळे ढकलून बाजूला घेण्याचीही पंचाईत.

पेट्रोल गाडीची बॅटरी जाण्याआधी कुरकुर करते. सकाळी सेल्फ मारला की इंजिन जड फिरते आणि मालक समजून जातो. इलेक्ट्रिक गाडीत सेल्फच नाही. कॉन्टॅक्टर जोडायला फारशी ताकद लागत नाही, त्यामुळे मरणपंथाला लागलेली बॅटरीही आदल्या रात्रीपर्यंत काम करत राहते आणि सकाळी गाडी मुकी होते. तिला विश्रांतीही नसते. गाडी उभी असतानाही मोडेम, मोबाइल ॲप, कॅमेरे तिच्यातूनच थोडी थोडी वीज खेचत असतात. मोठ्या बॅटरीतून तिला पुन्हा भरणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर बिघडला, तर गाडी चालू रस्त्यात बंद पडू शकते.

ही भीती कल्पनेतली नाही. छोटी बॅटरी भरण्याचे काम करणाऱ्या चार्जिंग युनिटमधील दोषापायी ह्युंदाई आणि किया यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये एकट्या अमेरिकेत २,०८,१०७ गाड्या परत बोलावल्या. भारतात त्याच वर्षी ह्युंदाईने १,७४४ आयोनिक ५ आणि कियाने १,१३८ ईव्ही६ दुरुस्तीसाठी बोलावल्या. जून २०२५ मध्ये फोर्डने १,९७,४३२ मस्टँग मॅक-ई परत बोलावल्या. छोटी बॅटरी क्षीण झाल्यास त्यांची दारे बंदच राहून आत मूल अडकण्याचा धोका होता. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या वाहन सुरक्षा यंत्रणेने सुमारे १,७४,००० मॉडेल वाय गाड्यांच्या दारांची चौकशी सुरू केली. काही पालकांना आतल्या मुलांसाठी काचा फोडाव्या लागल्याच्या तक्रारी तिच्यापुढे आल्या होत्या. तीन कंपनीसमूह, तीन वेगळ्या रचना, आणि प्रत्येक प्रकरणाच्या मुळाशी बारा व्होल्ट. चीनने दारांबाबत पाऊल उचलले आहे. १ जानेवारी २०२७ पासून तिथे नव्याने मंजुरी घेणाऱ्या मॉडेलची दारे विजेविना, हाताने उघडता येणे बंधनकारक होत आहे.

आपल्याकडे काय? २०२२ मध्ये स्कूटरना आगी लागल्या तेव्हा केंद्राने एआयएस-१५६ आणि एआयएस-०३८ ही मानके कडक केली. ते योग्यच झाले. पण लक्ष सगळे मोठ्या बॅटरीवर राहिले. छोटी मात्र टायर-वायपरच्या रांगेत, झिजायच्या सुट्या भागांत मोजली गेली. दारे उघडणे, ब्रेकचे संगणक, धोक्याचे दिवे जिच्यावर अवलंबून आहेत, तिला सुट्या भागाचा दर्जा देणे ही धोरणाची चूक आहे.

महाराष्ट्राला हा प्रश्न इतरांपेक्षा लवकर भेडसावणार. अनेक गाड्यांत ही बॅटरी अजूनही शिसे-आम्लाची असते आणि शिसे-आम्लाचा वैरी उष्णता. तापमान दहा अंशांनी वाढले की आयुष्य साधारण निम्मे होते, असा या धंद्यातला ठोकताळा आहे. नागपूर, अकोला, चंद्रपूर इथे मे महिन्यात पारा ४५ अंशांना भिडतो आणि उन्हात उभ्या गाडीच्या बॉनेटखाली त्याहून कितीतरी वर जातो. नेक्सॉन ईव्ही जानेवारी २०२० मध्ये बाजारात आली. त्या सुरुवातीच्या गाड्यांची मूळ बॅटरी बदलण्याची वेळ येऊन गेली आहे, आणि त्यातल्या कित्येक आता दुसऱ्या मालकाच्या हाती जात आहेत, ज्याला दुसरी बॅटरी आहे हेही माहीत नसेल. राज्य सरकारने २०२५ च्या धोरणात मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, अटल सेतू आणि समृद्धी महामार्गावर या गाड्यांना टोलमाफी दिली. आम्ही त्या धोरणाच्या बाजूचे आहोत, म्हणूनच हे लिहीत आहोत. ७०१ किलोमीटरच्या समृद्धीवर भर दुपारी मुकी झालेली गाडी आणि आत दोन लहान मुले, ही वेळ एकाही कुटुंबावर येता कामा नये.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने इलेक्ट्रिक गाडीचे प्रत्येक दार, मागचेसुद्धा, विजेविना आतून आणि बाहेरून उघडलेच पाहिजे असा नियम करावा. पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेने छोटी बॅटरी पूर्ण रिकामी करून तशी चाचणी घ्यावी, केवळ कागद पाहून शिक्का मारू नये. बॅटरी कमजोर होत असल्याचा इशारा पडद्यावर काही आठवडे आधी, मराठीतही, दिसावा. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेले कलम ११० अ सदोष गाड्या परत बोलावण्याची सक्ती करू शकते. ते दारांच्या आणि चार्जिंग युनिटच्या तक्रारींसाठी वापरले गेले पाहिजे. कंपन्यांनीही गाडी हाती देताना छोट्या बॅटरीचा प्रकार, तिची हमी आणि बदलण्याचा काळ लिहून द्यावा. काही हजार रुपयांच्या वस्तूसाठी लाखोंची गाडी ट्रकवर चढवायला लावणे हा ग्राहकावर अन्याय आहे. आणि आयटीआयच्या मुलांना हे काम शिकवायला हवे. आज गल्लीतला कुशल मेकॅनिकही मोठ्या बॅटरीच्या नारिंगी तारा पाहून मागे सरतो, आणि त्याचे मागे सरणे बरोबर आहे, कारण त्याला कुणी शिकवलेलेच नाही.

नियम येईपर्यंत थांबणे मात्र धोक्याचे. तीन वर्षे झालेली बॅटरी प्रत्येक सर्व्हिसिंगला भार देऊन तपासून घ्या आणि बंद पडायच्या आधीच बदला. मूळ बॅटरी एजीएम (शिसे-आम्लाचाच एक प्रकार) असेल तर एजीएमच, लिथियम असेल तर कंपनीने सांगितलेलीच. बदलताना गाडी पूर्ण बंद करून, पुस्तिकेत दिलेला वेळ थांबून, आधी निगेटिव्ह टोक सोडवायचे, जोडताना ते शेवटी. नारिंगी तारांना हात लावायचा नाही. शेजाऱ्याची पेट्रोल गाडी सुरू करायला आपली इलेक्ट्रिक गाडी जोडायची नाही. सेल्फ खेचतो तेवढा प्रवाह द्यायला ती बनवलेली नाही. जुनी बॅटरी विक्रेत्याकडेच परत द्या. २०२२ च्या नियमांनी ती गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, आणि उघड्यावर वितळवलेले शिसे पोरांच्या रक्तात उतरते.

आणि आज संध्याकाळी गाडीची पुस्तिका काढून प्रत्येक दाराची हाताने ओढायची खिटी कुठे आहे ते शोधा, घरातल्या सगळ्यांना एकदा ओढून पाहायला लावा. मागच्या दाराला ती नसेल, तर कंपनीला लेखी विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत मुलांना गाडीत क्षणभरही एकटे ठेवू नका.