विकता न येणारी जमीन

वसईच्या तहाची तारीख शाळेत पाठ केलेली असते : ३१ डिसेंबर १८०२. तैनाती फौजेच्या बदल्यात दुसऱ्या बाजीरावाने २६ लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला, तोही कुणा राजाला नव्हे, एका व्यापारी कंपनीला. मात्र तोवर या कंपनीच्या कारभाऱ्यांना वेसण घातली गेली होती, हे आपण विसरतो. बंगालमध्ये त्यांनी सत्तेच्या जोरावर खासगी धंदा करून प्रांत धुऊन नेला, तेव्हा १७७३च्या कायद्याने गव्हर्नर जनरलच्या खासगी व्यापारावर बंदी आणली. पुढे कॉर्नवॉलिसने कलेक्टरांचे पगार वाढवले आणि त्यांचाही धंदा बंद केला. यात सद्गुणापेक्षा हिशेबच जास्त होता.

त्याच वसईत १९९० साली काँग्रेसच्या तिकिटावर हितेंद्र ठाकूर आमदार झाले. घराण्याचा व्यवसाय बांधकामाचा. त्यांच्या विवा समूहाचं नाव इथे पोराटोरांनाही ठाऊक. काळही असा की १९८८मध्ये राज्य सरकारने वसईचा हरित पट्टा बांधकामाला खुला केला होता, सिडकोकडे नियोजन येत होतं आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या हरित वसई संरक्षण समितीमागे माणसं रस्त्यावर उतरत होती. पुढे ठाकुरांनी स्वतःचा पक्ष काढला. ३ जुलै २००९ला चार नगरपरिषदा आणि आसपासची गावं मिळून महापालिका झाली. २०१५मध्ये तिच्या ११५पैकी १०६ जागा त्यांच्या या पक्षाने, बहुजन विकास आघाडीने, जिंकल्या. विरोधी बाकावर बसायला फारशी माणसं उरली नाहीत.

अप्पांना, म्हणजे हितेंद्र ठाकुरांना, खलनायक ठरवणं सोपं आहे आणि ते चूक आहे. या पट्ट्यातल्या पहिल्या पिढीच्या हजारो मुलांनी विरारमधल्या त्यांच्याच संस्थेच्या कॉलेजात पदवी घेतली. दाराशी गेलेल्याचं काम व्हायचं, असं विरोधकही सांगतात. ‘धंदा सांभाळणारा माणूस, शहरही सांभाळेल’ या विश्वासाने लोकांनी मतं दिली. माझी हरकत या विश्वासाला आहे.

बावखल घ्या. वसईच्या गावागावांत ही गोड्या पाण्याची तळी होती. पावसाचं पाणी त्यांत साठायचं, जमिनीत मुरायचं, आजूबाजूच्या विहिरी गोड राहायच्या आणि रहाटाचं पाणी केळीला, फुलवाडीला मिळायचं. बावखलाला गिऱ्हाईक नसतं. भराव टाकून सपाट केलं की मात्र लगेच भाव येतो. अशी कितीतरी बावखलं बुजली. जुलै २०१८च्या पुरात मिठागरातली वस्ती पाण्याने वेढली, लोकल बंद पडल्या. मग महापालिकेने नीरी आणि आयआयटी मुंबईकडून अभ्यास करवून घेतला. तज्ज्ञांनी इतर उपायांबरोबर धारण तलाव सुचवले. म्हणजे आधी फुकट होतं ते आता निविदा काढून खणायचं!

धंदेवाल्याच्या नजरेतला दोष इथे आहे, मग तो माणूस कितीही सरळ असो. मैदान, स्मशान, सांडपाण्याचं केंद्र यांतून रुपया निघत नाही. शहर मात्र याच जागांवर तगतं. महापालिकेशी केलेल्या ठेक्यात हितसंबंध असेल तर आपला कायदा नगरसेवकपद नाकारतो. पण बांधकाम परवानगी हा ठेका नव्हे, आरक्षण उठवणं हाही नव्हे. ज्याचे फ्लॅट विकायचे आहेत त्याच्याच माणसांनी सभागृह भरलं, तरी कायद्याच्या लेखी सगळं ठीक.

मग धंदेवाला नको, अधिकारी बरा? तेही करून झालं. जून २०२०मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि पाच वर्षांहून जास्त काळ प्रशासकच बसला. नालासोपाऱ्याच्या अग्रवाल नगरीत सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमीसाठी राखलेल्या जागेवर ४१ इमारती उभ्या राहिल्या होत्या. उच्च न्यायालयाच्या आदेशाने त्या पाडल्या. आरोपींत एक माजी नगरसेवक होता, ईडीची चौकशी महापालिकेच्या नगररचना विभागात शिरली. रस्त्यावर आलेल्या सुमारे अडीच हजार कुटुंबांतल्या अनेकांकडे रीतसर वीजबिल होतं. अनधिकृत घरालाही घरपट्टी लागते, वर शास्ती लागते. पावती हातात पडली की माणूस निर्धास्त होतो. ऑगस्ट २०२५मध्ये विरारची रमाबाई अपार्टमेंट कोसळून १७ माणसं गेली, तीही इमारत अनधिकृतच.

नोव्हेंबर २०२४मध्ये वसईत हितेंद्र ठाकूर आणि नालासोपाऱ्यात त्यांचे चिरंजीव क्षितिज, दोघेही हरले. विजय साजरा झाला, पण व्यवस्था तीच राहिली आणि जमिनीची भूक वाढली. वाढवणचं बंदर येतंय, बुलेट ट्रेनचं स्थानक विरारला होणार आहे, आणि २०२१पर्यंतचा जुना विकास आराखडा संपल्याने पुढच्या वीस वर्षांचा नवा व्हायचा आहे. निवडणुकीचा अर्ज भरताना उमेदवार मालमत्तेचं शपथपत्र देतो. आराखड्यावर मत देताना किंवा सही करताना मात्र नगरसेवकाला, आमदाराला, अधिकाऱ्याला कुणी विचारत नाही की या नकाशातला कुठला सर्व्हे नंबर तुमचा, तुमच्या भावाचा किंवा भागीदाराचा आहे. हरकती-सूचना मागवतील तेव्हा पहिली हरकत हीच नोंदवावी, आणि सातबारे सोबत जोडावेत.